कंपनीसोबत पीएचडी : करार, विषय, डेटा आणि प्रबंध

मध्यबिंदू

कंपनीच्या भागीदारीतल्या पीएचडीबद्दल इथे सुटे प्रश्न बरेच येतात आणि उत्तरंही सुटीच राहतात. म्हणून हा वेगळा धागा. शाखा कुठलीही असो, देश कुठलाही असो, अडचणी बऱ्याचशा त्याच असतात.

माझ्या मते सगळी व्यवस्था एका प्रश्नावर पारखावी: कंपनीने उद्या हा प्रकल्प गुंडाळला, तर विद्यार्थ्याजवळ आज जे आहे त्याच्या बळावर प्रबंध पुरा होईल का? पहिल्या सहा महिन्यांत उत्तर 'नाही' असणार, ते चालतं. दोन वर्षांनंतरही 'नाही' असेल तर विषय, करार किंवा डेटा यांपैकी काहीतरी चुकीचं बांधलं गेलंय. यात कंपनीच्या हेतूवर शंका नाही. खाती एकत्र केली जातात, विभागप्रमुख बदलतात, कधी ते उत्पादनच बंद होतं, आणि तीन-चार वर्षांत यातलं काही ना काही घडतंच.

रचना ढोबळमानाने तीन प्रकारच्या दिसतात. एकीत विद्यार्थी कंपनीचा पगारी कर्मचारी असतो आणि विद्यापीठात नोंदणी करतो. फ्रान्समधली १९८१ पासून चालू असलेली 'सिफ्र' योजना अशी आहे. कंपनी विद्यार्थ्याला नोकरीवर घेते आणि सरकारकडून कंपनीला ३ वर्षं अनुदान मिळतं. डेन्मार्कची औद्योगिक पीएचडीही याच जातीची. दुसरीत विद्यार्थी विद्यापीठाचा असतो. कंपनी पैसे, यंत्रं आणि एक मेंटॉर देते आणि विद्यार्थी ठरावीक काळ तिथे जाऊन काम करतो. तिसरीत आधीपासून नोकरीत असलेला माणूस अर्धवेळ नोंदणी करतो. भारतात यूजीसीच्या २०२२च्या नियमांनुसार अशा उमेदवाराला मालकाचं ना-हरकत पत्र लागतं. अर्धवेळ अभ्यासाला परवानगी आहे, संशोधनाला पुरेसा वेळ मिळेल आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी कामातून मोकळीक मिळेल, या तिन्ही गोष्टी त्यात याव्या लागतात. 'आमची हरकत नाही' एवढ्या एका ओळीचं पत्र पुरत नाही.

पगार कोण देतं यावरून पुढचं बरंच ठरतं: शोधावर पहिला हक्क कोणाचा, अपघात विमा कोणाकडे, रजा कोण मंजूर करणार, परदेशी विद्यार्थ्याचा व्हिसा कुठल्या प्रकारचा. त्यामुळे सल्ला देण्याआधी आपली रचना कोणती हे कृपया सगळ्यांनी लिहावं.

उंबरठा

धाग्यासाठी आभार. माझी रचना पहिली: कंपनी नोकरीवर घेणार, विद्यापीठात नोंदणी. शाखा रसायन अभियांत्रिकी. दोन प्रश्न आहेत.

१. कंपनीने दिलेला विषय असा: 'लिथियम-आयन बॅटरीच्या इलेक्ट्रोड कोटिंग लाइनचा वेग ३० वरून ६० मीटर प्रति मिनिट करणे.' हा पीएचडीचा विषय होऊ शकतो का?

२. सह्यांसाठी तीन कागद येणार आहेत: नेमणूकपत्र, एनडीए (गोपनीयतेचा करार) आणि विद्यापीठ-कंपनी-विद्यार्थी असा त्रिपक्षीय करार. यात नेमकं काय वाचायचं?

तापमापी

पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो. जसा दिलाय तसा तो विषय नाही, ते उद्दिष्ट आहे. ६० मीटर गाठले तर कंपनीचं काम झालं, पण परीक्षक विचारणार की यातून नवीन काय कळलं. आणि ६० गाठले नाहीत तर हातात काहीच उरत नाही. चांगल्या विषयात निकाल होकारार्थी असो की नकारार्थी, एक प्रकरण लिहिता येतं.

आता त्याच उद्दिष्टाच्या पोटात काय आहे ते बघा. वेग दुप्पट करायचा तर तेवढ्याच लांबीच्या ड्रायरमध्ये धातूच्या पत्र्यावर लावलेला स्लरीचा (पावडर, बाइंडर आणि द्रावक यांच्या लगद्याचा) ओला थर निम्म्या वेळात सुकवावा लागतो, म्हणजे बाष्पीभवनाचा दर वाढवावा लागतो. दर वाढला की द्रावक वर येताना बाइंडर (कण चिकटवून ठेवणारा पदार्थ) आणि कार्बन ब्लॅक (वीज वाहणारी काजळी) सोबत घेऊन येतो आणि विसरणाने (डिफ्यूजनने) ते परत खाली पसरायला वेळ मिळत नाही. बाइंडर पृष्ठभागाजवळ साचतो आणि धातूच्या पत्र्याजवळ कमी पडतो. परिणाम दोन: थराची पत्र्यावरची पकड सैल होते आणि वरच्या भागातली छिद्रं बुजत गेल्याने आयनांच्या वाटेचा रोध वाढतो. थर जितका जाड तितकं हे वाईट.

म्हणजे संशोधनाचा प्रश्न असा मांडता येईल: सुकण्याचा दर, थराची जाडी आणि स्लरीची घनता यांवर बाइंडरचं स्थलांतर कसं अवलंबून असतं, आणि दर टप्प्याटप्प्याने बदलला तर ते रोखता येतं का? हे प्रयोगशाळेतल्या छोट्या कोटरवर (थर लावणाऱ्या यंत्रावर) आणि तापवता येणाऱ्या पाटावरही तपासता येतं. मध्यबिंदू यांची कसोटी इथे लागते. लाइन मिळाली नाही तरी काम थांबत नाही. लाइन मिळाली तर शेवटचं प्रकरण भारी होतं.

मोजमापाचंही आत्ताच बघून ठेवा. पीव्हीडीएफ बाइंडर असेल तर त्यातल्या फ्लोरिनवरून आडव्या छेदाचा ईडीएक्स नकाशा (कुठलं मूलद्रव्य कुठे आहे हे क्ष-किरणांवरून दाखवणारा) काढता येतो. पण इलेक्ट्रोड कोरडा, इलेक्ट्रोलाइट (बॅटरीतलं आयन वाहणारं द्रव) न लागलेला हवा. नेहमीच्या इलेक्ट्रोलाइटमधल्या क्षारातही फ्लोरिन असतं आणि मग कुठला कुठला ते सांगता येत नाही. पाण्यावर आधारलेल्या ॲनोडमध्ये सीएमसी आणि एसबीआर हे बाइंडर असतात, तिथे फ्लोरिन नाहीच. एसबीआरसाठी ऑस्मियम टेट्रॉक्साइड किंवा ब्रोमीनने रंगवणं करतात, आणि ऑस्मियम टेट्रॉक्साइड अतिशय विषारी असल्याने त्याची परवानगी असलेली प्रयोगशाळा लागते. ती विद्यापीठात आहे की कंपनीत, हे विषय पक्का करण्याआधी विचारा. पकडीसाठी ९० किंवा १८० अंशांची पील चाचणी (टेप लावून थर ओढून काढण्याची) पुरेशी, फक्त टेप आणि ओढण्याचा वेग शेवटपर्यंत एकच ठेवा.

अजून एक. विषय लिहिताना तंत्रज्ञान-सिद्धतेच्या १ ते ९ पायऱ्यांपैकी (१ म्हणजे मूळ तत्त्व, ९ म्हणजे प्रत्यक्ष वापरात) तुम्ही कुठे आहात ते गाइड आणि मेंटॉर दोघांना स्वतंत्रपणे विचारा. गाइड '२ ते ४' म्हणाले आणि मेंटॉर '७' म्हणाले, तर तीन वर्षं दोघांच्या अपेक्षांत फरक राहणार. तो फरक कागदावर आत्ता मिटवलेला बरा.

टाचण

दुसऱ्या प्रश्नाकडे वळते. तिन्ही कागद एकत्र समोर ठेवून वाचा, सुटे वाचू नका. नेमकं इथेच घोडं पेंड खातं. त्रिपक्षीय करारात विद्यापीठाने प्रसिद्धीचा हक्क नीट मिळवलेला असतो आणि नेमणूकपत्रातल्या छापील मजकुरात 'नोकरीच्या काळात निर्माण झालेली सर्व माहिती कंपनीची, ती लेखी परवानगीशिवाय उघड करता येणार नाही' असं असतं. दोन्हींवर तुमची सही. म्हणून एक वाक्य मागून घ्याच: 'या कागदपत्रांत विसंगती आढळल्यास त्रिपक्षीय करार अंतिम मानला जाईल.' आणि नेमणूकपत्रात त्या कराराचा उल्लेख तारखेसह हवा.

त्रिपक्षीय करारात मी या क्रमाने बघेन.

प्रबंधाचा हक्क. प्रकल्पात निर्माण झालेले निकाल पदवीसाठी लिहिण्याचा आणि परीक्षकांपुढे मांडण्याचा विद्यार्थ्याचा हक्क कंपनी रोखू शकणार नाही. वेळ लांबवू शकेल, मजकूर बदलायला सांगू शकेल, पण सादरीकरण अडवू शकणार नाही. हे कलम नसेल तर बाकी कितीही चांगलं असलं तरी सही करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रसिद्धीपूर्व तपासणी. मसुदा दिल्यापासून कंपनीने ३० दिवसांत उत्तर द्यायचं, फार तर ४५. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मुदतीत उत्तर आलं नाही तर संमती गृहीत. हे शेवटचं वाक्य नसेल तर मसुदा कोणाच्या तरी मेलमध्ये महिनोन्महिने पडून राहतो आणि कोणी 'नाही'ही म्हणत नाही. पेटंट अर्जासाठी प्रसिद्धी लांबवायची असेल तर त्यालाही कमाल मर्यादा: ३ महिने चांगले, ६ पर्यंत चालतील, 'गरजेनुसार' अजिबात नको. तपासणी कोण करणार तेही पदाच्या नावाने लिहा, व्यक्तीच्या नको, व्यक्ती बदलते.

बॅकग्राउंड आणि फोरग्राउंड आयपी, म्हणजे प्रकल्पाआधीची आणि प्रकल्पात तयार झालेली बौद्धिक संपदा. प्रकल्पाआधी कोणाकडे काय होतं याची यादी परिशिष्टात जोडा. गाइडच्या गटाने आधीच लिहिलेला सिम्युलेशन कोड, जुनी मापनपद्धत, कंपनीची स्लरीची कृती, सगळं. यादी नसेल तर तीन वर्षांनी गाइडचा जुना कोड 'प्रकल्पात तयार झाला' ठरण्याचा धोका असतो. फोरग्राउंड कंपनीकडे गेलं तरी विद्यापीठाला अध्यापन आणि पुढच्या संशोधनासाठी ते वापरण्याचा परवाना मागावा. बहुतेक कंपन्या देतात.

समाप्ती. कंपनी बाहेर पडली तर किती महिन्यांची सूचना, आजवरचा डेटा वापरता येईल का, नमुने कोणाचे, उरलेल्या काळाचं मानधन कोण देणार. पहिल्या रचनेत नोकरी गेली की काही देशांत व्हिसाही जातो, त्यामुळे विद्यापीठ मधल्या काळासाठी नोंदणी आणि आधार देईल का, हे विद्यापीठाच्या बाजूने लेखी हवं. पैसे आगाऊ, दर तिमाहीच्या सुरुवातीला जमा होतील असं ठरलं तर अचानक तुटलं तरी दोन-तीन महिन्यांची सवड मिळते.

पीएचडीनंतर प्रतिस्पर्ध्याकडे काम न करण्याचं बंधन नेमणूकपत्रात असेल तर त्याची मुदत, भौगोलिक व्याप्ती आणि त्या काळात भरपाई मिळणार का ते बघा. देशागणिक कायदा फार वेगळा आहे, त्यामुळे स्थानिक वकिलाला किंवा विद्यापीठाच्या करार विभागाला दाखवा. 'विद्यापीठात संशोधन करणं हे प्रतिस्पर्ध्याचं काम मानलं जाणार नाही' ही ओळ मात्र सगळीकडे मागावी.

आणि सही होईपर्यंत काम सुरू करू नका. करार सहा-सहा महिने रेंगाळतात. त्या काळात दिलेली कल्पना कुठल्याच कागदाखाली येत नाही.

नोंदवही

टाचण यांच्या यादीत भर: 'डेटा' या शब्दाची व्याख्या करारात हवी. कच्चे वाचन, प्रक्रिया केलेला डेटा, कोड, नमुने, प्रयोगवही, हे सगळं वेगवेगळं नमूद करा. कंपनीच्या लॅपटॉपवर यूएसबी बंद असतं आणि नोकरीच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी लॉगिन बंद होतं. प्रबंध मात्र बऱ्याचदा त्यानंतर पुरा होतो, आणि दुरुस्त्या तर नक्कीच. संशोधनाचा मूळ डेटा १० वर्षं जपावा असा संकेत अनेक ठिकाणी आहे. जर्मनीच्या संशोधन निधी संस्थेच्या आचारसंहितेतही साधारण तेवढाच काळ सांगितलाय. म्हणून मान्य झालेल्या डेटाची प्रत दर तिमाहीला विद्यापीठाच्या सर्व्हरवर जाईल, असं वेळापत्रकच ठरवा. शेवटी एकदम मागितलं की माहिती सुरक्षा विभाग घाबरतो.

कारखान्यातला डेटा वापरणाऱ्यांसाठी काही सापळे, कारण यावर प्रबंधाची प्रकरणं कोसळतात.

हिस्टोरियनमधला (कारखान्यातली सेन्सरची वाचनं साठवणाऱ्या प्रणालीतला) डेटा कच्चा नसतो. बहुतेक ठिकाणी त्यावर कॉम्प्रेशन असतं: समजा तापमानाला ०.५ अंशांचा पट्टा ठेवलाय, तर त्याहून कमी बदल साठवलाच जात नाही. निर्यात करताना 'दर सेकंदाला एक' असा पर्याय निवडला की मधल्या जागा सरळ रेषेने भरून मिळतात. आलेख गुळगुळीत दिसतो आणि त्यावर काढलेला सहसंबंध खोटा असतो. ऑटोमेशन विभागाकडून प्रत्येक टॅगची (एकेका सेन्सरच्या नोंदीची) कॉम्प्रेशन सेटिंग मागा आणि निर्यात 'साठवलेली मूल्यं' याच प्रकारात करा.

घड्याळं. दोन पीएलसी (यंत्रं चालवणारे नियंत्रक संगणक), एक कॅमेरा, एक प्रयोगशाळेची वही, चौघांच्या वेळा वेगळ्या. काही यंत्रणा स्थानिक वेळ ठेवतात, काही यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ). उन्हाळी वेळ पाळणाऱ्या देशांत वर्षातून एकदा एक तास दोनदा येतो. सगळ्यांना एकाच वेळी दिसेल अशी घटना (लाइन थांबणं सगळ्यात सोयीचं) घेऊन वेळांतला फरक मोजा आणि तो लिहून ठेवा.

लेबलं. देखभालीच्या नोंदीतली तारीख बिघाडाची नसते, नोंद केल्याची असते. शुक्रवारी रात्री बिघडलेलं सोमवारी सकाळी लिहिलं जातं. मशीन लर्निंग करणाऱ्यांनी हे दुरुस्त केल्याशिवाय अचूकतेचे आकडे देऊ नयेत. आणि चाचणी-संच यादृच्छिक ओळी उचलून बनवू नका. शेजारच्या दोन मिनिटांचं वाचन जवळपास सारखंच असतं, त्यामुळे मॉडेलला उत्तर आधीच दिसलेलं असतं. कालखंडानुसार तोडा, किंवा यंत्रानुसार.

बेअरिंगच्या निदानासारखा विषय असेल तर आधी नमुना-दर बघा. उपयोगी माहिती काही किलोहर्ट्झला असते आणि हिस्टोरियन सेकंदाला एक वाचन ठेवतो. 'आमच्याकडे दहा वर्षांचा डेटा आहे' या वाक्यावर विषय ठरवू नये. आधी एका आठवड्याचा प्रत्यक्ष डेटा हातात घ्या.

तापमापी

नोंदवही यांचं शेवटचं वाक्य सगळ्यांनी लिहून ठेवावं.

लाइनवरच्या ट्रायलबद्दल राहिलं होतं, ते आता लिहितो. लाइनचा वेळ उत्पादनाचा असतो, संशोधनाचा नाही. तीन-चार महिने आधी मागणी नोंदवा, आणि ऐनवेळी रद्द होणार हे धरूनच चला. मागितलेल्यापैकी निम्मी ट्रायल मिळाली तरी प्रकरण उभं राहील अशी आखणी हवी.

आखणीत एक चूक सर्रास होते. उंबरठा यांच्या उदाहरणात ३ ड्रायर-तापमानं आणि ४ वेग घेतले, म्हणजे १२ ट्रायल. ड्रायर स्थिर व्हायला बराच वेळ लागतो, म्हणून ऑपरेटर एक तापमान लावून चारही वेग चालवून घेतो, मग पुढचं तापमान. कागदावर १२ प्रयोग दिसतात, पण तापमानाची स्वतंत्र मांडणी फक्त ३ वेळा झाली. याला स्प्लिट-प्लॉट म्हणतात: एक घटक क्वचित बदलतो, दुसरा त्याच्या आत वारंवार. साधं एनोव्हा (फरक खरा की योगायोगाचा हे तपासणारी सांख्यिकी चाचणी) लावलं तर तापमानाचा परिणाम फुगवून लक्षणीय दाखवला जातो, कारण त्याची चूक (योगायोगाने येणारा फरक) मोजायला चुकीची विभागणी वापरली जाते. किंबहुना ३ मांडण्यांत तापमानाची पुनरावृत्तीच नाही, त्यामुळे तिची चूक मोजताच येत नाही. प्रत्येक तापमान किमान दोनदा, वेगवेगळ्या दिवशी लावा, म्हणजे ६ मांडण्या. आणि प्रत्येक मांडणीत वेगांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा. वेग कमी करावे लागले तरी चालतील. सांख्यिकी जाणणारा परीक्षक हा प्रश्न हमखास विचारतो.

कच्चा माल: पुरवठादार न सांगता ग्रेड बदलतो किंवा खरेदी विभाग पुरवठादारच बदलतो. पहिल्या ट्रायलच्या लॉटमधून पुढच्या सगळ्या छोट्या प्रयोगांना पुरेल एवढी पावडर बाजूला काढून हवाबंद ठेवा. प्रत्येक नमुन्यावर लॉट क्रमांक, शिफ्ट, पीएलसी प्रोग्रॅमची आवृत्ती आणि खोलीतली आर्द्रता लिहा. एनएमसीसारख्या निकेल जास्त असलेल्या कॅथोड पावडरी हवेतल्या दमटपणाने बदलतात, तेव्हा 'बाजूला ठेवली होती' एवढं पुरत नाही. कशात आणि किती काळ, तेही हवं.

मध्यबिंदू

वेळाच्या वाटणीबद्दल. युरोपीय संघाच्या मारी क्युरी औद्योगिक डॉक्टरेटमध्ये किमान निम्मा वेळ शिक्षणक्षेत्राबाहेरच्या संस्थेत घालवावा लागतो. ब्रिटनमध्ये १९९२ साली सुरू झालेल्या अभियांत्रिकी डॉक्टरेटमध्ये ४ वर्षांपैकी साधारण तीन-चतुर्थांश वेळ कंपनीत जातो. प्रमाण कुठलंही असो, तो वेळ कसा तोडला आहे याने जास्त फरक पडतो. 'सोमवार ते बुधवार कंपनी, गुरुवार-शुक्रवार विद्यापीठ' ही वाटणी कागदावर छान दिसते, पण आठवडाभर चालणारा प्रयोग दोन्हीकडे बसत नाही आणि कंपनीतली तातडीची कामं गुरुवारी सकाळपर्यंत लांबतात. सहा ते आठ आठवड्यांचे सलग टप्पे जास्त उपयोगी. लेखनाचा टप्पा विद्यापीठात, तोही सलग.

कंपनीत बसणाऱ्या हुशार माणसाला ग्राहकाच्या तक्रारीपासून ऑडिटपर्यंत सगळ्यांत ओढलं जातं. नकार विद्यार्थ्याने द्यायचा नसतो, मेंटॉरने द्यायचा असतो. त्यासाठी दैनंदिन कामाची मर्यादा, समजा १० टक्के, करारात किंवा निदान पहिल्या बैठकीच्या इतिवृत्तात लिहून घ्या. वार्षिक मूल्यमापनाची उद्दिष्टंही 'लाइनचा वेग' अशी नकोत. 'पहिला पेपर कंपनीच्या तपासणीला दिला' अशी हवीत. नाहीतर पगारवाढ एका दिशेला ओढते आणि पदवी दुसऱ्या.

तिघांची बैठक दर तीन महिन्यांनी, तास-दीड तासाची. इतिवृत्त विद्यार्थ्याने त्याच दिवशी पाठवायचं: काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत. मेंटॉर बदलला की नव्या माणसाच्या हातात देण्यासारखं हेच एक साधन असतं. मेंटॉरच्या वर एक प्रायोजकही माहीत असू द्या, ज्याच्या बजेटमधून पैसे येतात तो. वर्षातून एकदा त्याच्यासमोर २० मिनिटं मांडणी करा.

पेपरचं उलटं गणित: कंपनीची तपासणी १ महिना, पेटंटचा निर्णय ३ महिने, जर्नलमध्ये दोन फेऱ्या म्हणजे सहज ६ ते ८ महिने. तीन वर्षांच्या नोंदणीत पहिला मसुदा १५व्या-१६व्या महिन्यात कंपनीच्या टेबलावर नसेल तर तिसऱ्या वर्षी गाडं अडतं. पहिला पेपर कंपनीच्या डेटाविना होईल असाच निवडा: पद्धत, मॉडेल, खुल्या डेटावरची तुलना. त्याला कोणी हरकत घेत नाही.

उंबरठा

खूप उपयोगी, तिन्ही-चारही प्रतिसाद छापून ठेवलेत. आता गोपनीयतेबद्दल. प्रबंध 'कॉन्फिडेन्शियल' ठेवला तर पेटंटला धोका नाही ना? आणि आलेखांवरचे खरे आकडे लपवून टक्केवारी दाखवली तर चालतं का?

टाचण

पेटंटचं आधी. युरोपात अर्ज दाखल होण्याआधी शोध कुठेही, कसाही सार्वजनिक झाला की नावीन्य गेलं. स्वतःच्या पेपरलाही सवलत नाही. अमेरिकेत शोधकाने स्वतः उघड केल्यापासून १२ महिन्यांची सवलत आहे, जपानमध्येही २०१८ पासून १२ महिने. पण कंपनीला सगळीकडे पेटंट हवं असतं, म्हणून व्यवहारात युरोपचाच नियम पाळा. परिषदेतलं पोस्टर, ऑनलाइन टाकलेला गोषवारा, प्रीप्रिंट (जर्नलच्या तपासणीआधी ऑनलाइन टाकलेला पेपर), खुला व्हायव्हा (तोंडी परीक्षा), सगळं 'सार्वजनिक' धरलं जातं. अर्ज एकदा दाखल झाला की दुसऱ्या दिवशी पेपर पाठवायला हरकत नाही. अर्ज स्वतः १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतोच. मात्र पेपरमध्ये अर्जात नसलेली सुधारणा घातली तर ती उघडी पडते. मसुदा आणि अर्ज शेजारी ठेवून तपासा.

ग्रंथालयातल्या प्रबंधाचं काय, तर अमेरिकेत यावर जुने निकाल आहेत. १९८६च्या एका खटल्यात फ्रायबुर्ग विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या सूचीत नोंदवलेला एकच प्रबंध पेटंट नाकारायला पुरेसा ठरला. १९८९च्या दुसऱ्या खटल्यात पदवीपूर्व प्रबंधांची कार्डं फक्त लेखकाच्या नावानुसार, बुटांच्या खोक्यात लावलेली होती. विषयावरून शोधणाऱ्याला ती सापडणार नाहीत म्हणून ते 'प्रसिद्ध' मानले गेले नाहीत. आज विद्यापीठाच्या ऑनलाइन भांडारात चढवलेला प्रबंध शोधयंत्राला काही तासांत सापडतो, तेव्हा पहिलाच निकाल ध्यानात ठेवावा. एम्बार्गो (प्रबंध ठरावीक काळ बंद ठेवणं) लावताना प्रबंधाचा पूर्ण मजकूर बंद आणि गोषवारा खुला, असं अनेक भांडारांत आपोआप होतं. शोधाचं सार गोषवाऱ्यातच असेल तर एम्बार्गोचा उपयोग नाही. गोषवारा वेगळा लिहा.

एम्बार्गो १ ते २ वर्षांचा पुरतो. बाह्य परीक्षकांकडून एनडीए घ्यायचा असेल तर त्यांची नावं ठरवतानाच विचारा, काही जण सही करत नाहीत. व्हायव्हा खुला ठेवणं विद्यापीठात बंधनकारक असेल तर गोपनीय भाग आधीच्या बंद सत्रात घेता येतो का ते पाहा.

शोधकांच्या यादीबद्दलही. पेपरवर नाव असणं आणि पेटंटवर शोधक असणं वेगळं. शोधक तोच, ज्याने दाव्यातल्या कल्पनेत भर घातली. विभागप्रमुखाला सौजन्य म्हणून घालणं आणि विद्यार्थ्याला विसरणं, दोन्हींनी पेटंट अडचणीत येऊ शकतं. तारीख घातलेली, पानं न फाडता येणारी प्रयोगवही इथे कामी येते.

तापमापी

आकड्यांबद्दल: खरा वेग, खरी किंमत, उत्पादनाचं प्रमाण हे लपवणं रास्त आहे. संदर्भ मूल्याने भागून गुणोत्तर दाखवतात, अक्षावर 'सापेक्ष वेग' लिहितात. कंपन्या यालाच पटकन मान्यता देतात.

नोंदवही

इथे मी थोडा असहमत आहे. गुणोत्तराने अर्थ टिकतो तेव्हाच ते चालतं. सुकण्याच्या दराचा परिणाम खऱ्या एककांशिवाय लिहिला तर दुसरी प्रयोगशाळा तो पडताळूच शकत नाही, आणि चांगल्या जर्नलचा रिव्ह्यूअर तिथेच अडवतो. जिथे भौतिक प्रमाण हाच निकाल आहे तिथे आकडे हवेतच.

तापमापी

मान्य. मग असं करता येईल: बाइंडर का आणि कसा सरकतो याचा शोध आणि त्याचे खरे आकडे छोट्या कोटरवरच्या, बाजारात मिळणाऱ्या पावडरीच्या नमुन्यांवर. कंपनीच्या कृतीवर फक्त 'तोच कल दिसतो का' एवढी पडताळणी, ती गुणोत्तरात. दोन्ही संच एकाच प्रकरणात शेजारी. गोपनीय परिशिष्ट ठेवायचं असेल तर ते काढून टाकल्यावरही मुख्य प्रबंधातला प्रत्येक निष्कर्ष उभा राहतो का, हे गाइडशिवाय तिसऱ्या माणसाकडून वाचून घ्या.

उंबरठा

पटलं. शेवटचं: करार चांगला असूनही दुसऱ्या वर्षी कंपनीने प्रकल्प बंद केला, तर पहिल्या काही दिवसांत काय करायचं?

मध्यबिंदू

त्याच दिवशी गाइडला आणि विद्यापीठाच्या करार विभागाला लेखी कळवा. तोंडी बातमीवर थांबू नका, कारण सूचनेचा कालावधी लेखी पत्राच्या तारखेपासून मोजला जातो. लॉगिन चालू आहे तोवर करारात मान्य असलेल्या डेटाची प्रत मेंटॉरच्या लेखी संमतीने विद्यापीठाच्या सर्व्हरवर हलवा. संमतीशिवाय स्वतःच्या मेलवर काहीही पाठवू नका. कितीही घाई असली तरी नाही, कारण मग करारातला तुमचा भक्कम हक्क बाजूला राहतो आणि चर्चा डेटाचोरीची होते. नमुन्यांची यादी करून ते कोणाच्या ताब्यात जातील यावर सह्या घ्या. लिहून झालेला प्रत्येक मसुदा, अर्धवट असला तरी, तपासणीला द्या. ३० दिवसांचं घड्याळ त्या दिवसापासून सुरू होतं, आणि तुमचं काम ओळखणारी माणसं अजून खुर्चीवर असतात. त्याच आठवड्यात गाइडसोबत बसून प्रकरणांची यादी तीन रकान्यांत लावा: हातातल्या डेटावर पुरं होणारं, विद्यापीठातल्या उपकरणांवर पुरं करता येणारं, आणि सोडून द्यायचं. नवा शीर्षक-बदल लागणार असेल तर विद्यापीठाच्या संशोधन समितीची पुढची तारीख विचारून अर्ज तेव्हाच भरा, या समित्या दर महिन्याला बसतातच असं नाही.

टाचण

आणि कंपनीने 'हिशेब मिटवण्यासाठी' म्हणून नवा कागद सहीला दिला तर तो करार विभागाने वाचेपर्यंत सही नको. अशा कागदात 'सर्व पूर्वीच्या करारांऐवजी' असे शब्द असतात, आणि त्या एका ओळीने प्रबंधाच्या हक्काचं कलम रद्द होऊ शकतं. ते कलम नव्या कागदात जसंच्या तसं उतरवून मागा.